शब्द समोर दिसतोय, तरी सापडत नाही: लिब्रेऑफिस रायटरचं 'फाइंड अँड रिप्लेस' मराठीसाठी कसं आहे?

साताऱ्यात मोती चौकाजवळच्या एका बोळात माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. लग्नसराईत पत्रिका, मार्चनंतर संस्थांचे अहवाल, गणपतीच्या आधीपासून दिवाळी अंक, आणि मध्येच कुणाचं तरी पुस्तक, असं वर्ष जातं. आलेला मजकूर मी आधी लिब्रेऑफिस रायटर या वर्डसारख्या प्रोग्राममध्ये स्वच्छ करते आणि मगच पानं लावायला घेते. हा अभिप्राय अख्ख्या रायटरबद्दल नाही. कंट्रोल आणि एच दाबलं की जी 'फाइंड अँड रिप्लेस'ची खिडकी उघडते, तिच्यापुरताच आहे. मराठी मजकुरावर रोज काम करणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ तीच वाचवते आणि सगळ्यात जास्त गोंधळही तीच घालते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

माझं मत आधीच सांगते. युनिकोडमधला, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतला, मराठी मजकूर साफ करायला नेहमीच्या वापरातलं याहून चांगलं हत्यार मला मिळालेलं नाही. ते फुकट आहे, लायसन्सची भानगड नाही. २०१० साली ओपनऑफिसमधून वेगळं निघालेलं हे सॉफ्टवेअर 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' ही संस्था सांभाळते आणि त्याच्या नव्या आवृत्त्या नेमाने येत असतात. पण दुकानात येणारी मंडळी, कॉलेजची मुलं, शाळेतले क्लार्क, सगळ्यांची तक्रार एकच असते: "शब्द समोर दिसतोय, तरी म्हणतंय सापडत नाही." बहुतेक वेळा दोष खिडकीचा नसतो. मजकुराच्या पोटात काय आहे ते डोळ्यांना दिसत नसतं, एवढंच. आणि ते दाखवण्याची सोय याच खिडकीत आहे, फक्त ती नीट समजून घ्यावी लागते.

आधी साध्या गोष्टी उरकते. शोधायचा शब्द मजकुरातून कॉपी करून चौकटीत चिकटवला की त्याच्यामागे एखादी स्पेस येऊन बसते, मग ज्या शब्दापुढे स्वल्पविराम आहे तो सापडत नाही. मजकूर सिलेक्ट केलेला असताना खिडकी उघडली असेल तर 'करंट सिलेक्शन ओन्ली'ची टिक लागलेली आहे का बघा. असेल तर शोध त्या तुकड्याबाहेर जातच नाही. मागच्या वेळी 'फॉरमॅट' वापरून फक्त ठळक अक्षरं शोधली असतील तर ती अट चौकटीखाली बारीक अक्षरात तशीच उभी असते. 'नो फॉरमॅट' दाबेपर्यंत ती हटत नाही. वेबसाइटवरून उचललेल्या मजकुरात 'श्री. पाटील' यातली स्पेस साधी नसून नॉन-ब्रेकिंग, म्हणजे तिथं ओळ तुटू न देणारी, असू शकते. रायटर ती राखाडी पट्टीत दाखवतो, तेवढी खूण ओळखली की झालं. ट्रॅक चेंजेस (केलेल्या बदलांची नोंद ठेवण्याची सोय) चालू असेल तर बदललेला जुना शब्द फाईलमधून जात नाही, त्यावर नुसती खोडरेघ येते; आधी बदल स्वीकारून मोकळे व्हा. आणि 'रेग्युलर एक्स्प्रेशन्स'ची, म्हणजे काही चिन्हांना खास अर्थ देऊन शोधायची, टिक विसरून राहिली असेल तर पूर्णविराम म्हणजे 'कोणतंही एक अक्षर' असा अर्थ लागतो. तुम्ही पूर्णविराम शोधता आणि सगळं पान निळं होतं.

इथपर्यंतचं कुठल्याही भाषेला लागू आहे. खरी गंमत मराठीची पुढे आहे, आणि ती कळायला आमच्या गावाच्या नावाइतकं चांगलं उदाहरण नाही.

सातारा हे नाव टाईप करायला सरळ आहे. पण त्याला प्रत्यय लागला की 'साताऱ्यात', 'साताऱ्याहून', 'साताऱ्याचा' असं होतं आणि त्यात तो आडवा, पापणीसारखा र येतो. अजिंक्यताऱ्यावर, कऱ्हाडला, शेतकऱ्यांनी, दऱ्याखोऱ्यांत, सगळीकडे तोच. आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही मजकुरात तो पानोपानी असतो. हा र युनिकोडमध्ये दोन रस्त्यांनी तयार होतो. एक रस्ता म्हणजे खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असलेला ऱ, त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडणारी खूण, मग य. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबलं की हा ऱ येतो. दुसरा रस्ता म्हणजे साधा र, त्याला हलन्त, मग 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचं न दिसणारं चिन्ह, मग य. आता हे दोन शब्द बघा: साताऱ्यात आणि सातार्‍यात. पहिला पहिल्या रस्त्यानं आलाय, दुसरा दुसऱ्या. छापून आल्यावर कुणाच्या बापाला फरक कळणार नाही. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. एक शोधलात तर दुसरा सापडणार नाही, आणि 'रिप्लेस ऑल' केल्यावर अर्ध्या जागी बदल होईल, अर्ध्या जागी नाही.

मध्यंतरी वाईकडचे एक निवृत्त शिक्षक त्यांच्या वडिलांचं छोटं पुस्तक पुन्हा छापायला घेऊन आले. मी त्यांना गुरुजीच म्हणते. पुस्तकाची काही पानं सुनेनं लॅपटॉपवर टाईप केली होती, काही नातवानं फोनवर, उरलेली माझ्याकडे आली. एका पुस्तकात तीन हात, तीन कीबोर्ड. गुरुजींना 'कराड' जिथं जिथं आहे तिथं 'कऱ्हाड' हवं होतं, कारण वडिलांनी तसं लिहिलेलं. ते काम सोपं होतं, कारण 'कराड'मध्ये दडलेलं काही नाही. पण आधीच 'कऱ्हाड' असलेल्या जागा मोजायला गेल्यावर आकडा जुळेना. सुनेच्या पानांतले सापडले, नातवाच्या पानांतले एकही नाही.

अशा वेळी मी काय करते ते सांगते. शंका असलेलं अक्षर सिलेक्ट करायचं आणि ऑल्ट धरून एक्स दाबायचा. अक्षराच्या जागी त्याचे युनिकोड क्रमांक उमटतात. पुन्हा तेच दाबलं की अक्षर परत येतं. सुनेच्या 'ऱ्हा'मध्ये पहिला क्रमांक ०९३१ निघाला, म्हणजे नुक्तावाला ऱ. नातवाच्या 'ऱ्हा'मध्ये ०९३०, मग ०९४डी, मग २००डी, म्हणजे साधा र, हलन्त आणि ते अदृश्य चिन्ह. रोग कळला की औषध सोपं असतं. 'अदर ऑप्शन्स' उघडून 'रेग्युलर एक्स्प्रेशन्स'वर टिक करायची. शोधायच्या चौकटीत र, हलन्त, आणि त्याला लागून बॅकस्लॅश, छोटा यू आणि २००डी हा क्रमांक. क्रमांकातले आकडे आणि डी इंग्रजीच हवेत. बदलायच्या चौकटीत नुक्तावाला ऱ आणि हलन्त. रिप्लेस ऑल. किती जागी बदल झाला तो आकडा खिडकीत दिसतो, तो एका कागदावर लिहून ठेवा, पुढच्या तपासणीला उपयोगी पडतो.

इथं एक सावधगिरी जीव तोडून सांगते. इंटरनेटवर सल्ला मिळतो की ही अदृश्य चिन्हं सगळी काढून टाका, मजकूर स्वच्छ होतो. मराठीत तसं करू नका. साध्या र आणि हलन्तापुढचं ते चिन्ह गेलं की पापणीचा र उरत नाही, त्याचा रफार होतो. 'साताऱ्यात'चं 'सातार्यात' होतं, 'दऱ्या'चं 'दर्या' होतं. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला तरी स्पेलचेक काही बोलणार नाही, कारण 'दर्या' हाही शब्दच आहे. 'आचाऱ्यांना' जेवणाचे पैसे द्यायचे असतील तर ते 'आचार्यांना' जातील. म्हणून आधी पापणीचे सगळे र नुक्तावाल्या ऱ वर आणायचे आणि त्यानंतरच उरलेल्या अदृश्य चिन्हांकडे बघायचं. तेही सरसकट नाही. 'फाइंड ऑल' करून ती कुठं कुठं आहेत ते बघून.

असेच दुसरे दोन-तीन जुळे आहेत. 'ॲप', 'ॲड' यातला ॲ. युनिकोडमध्ये या अख्ख्या अक्षराला स्वतंत्र जागा, ०९७२, ही २००८ साली मिळाली. त्याआधीच्या सवयीचे लोक अजून अ टाईप करून वर चंद्र देतात. दिसायला सारखंच, आतून वेगळं. 'डॉक्टर'मधला ॉ कुणी एका कळीनं देतं, कुणी काना देऊन वर चंद्र ठेवतं. 'ओ' सुद्धा कुणी आ वर मात्रा देऊन करतं. हे बदल बिनधोक आहेत, डोळे मिटून रिप्लेस ऑल केलं तरी चालतं, कारण चुकीच्या जोडीचा दुसरा काही अर्थच नसतो. मी कुठलीही फाईल आली की हे आधी उरकते, अगदी वाचायलाही घेण्याआधी.

विसर्गाचं तसं नाही. 'दुःख', 'अंतःकरण', 'प्रातःकाळ', 'स्वतः' यात विसर्गाच्या जागी निम्मी माणसं इंग्रजी कोलन टाकतात. दिसायला चालून जातं, पण स्पेलचेक त्या शब्दाचे दोन तुकडे समजतो आणि शोधताना 'दुःख' सापडत नाही. सगळे कोलन विसर्ग करून टाकता येत नाहीत, कारण कार्यक्रमपत्रिकेत 'वेळ: सकाळी १०' असतंच. इथं रेग्युलर एक्स्प्रेशननं फार सुंदर काम होतं. शोधायचं :([क-ह]) म्हणजे कोलन आणि त्याला अगदी चिकटून आलेलं व्यंजन. बदलायचं विसर्ग, डॉलरचं चिन्ह आणि इंग्रजी आकडा एक, म्हणजे कंसात सापडलेलं व्यंजन जसंच्या तसं परत. 'वेळ: सकाळी' यात कोलननंतर स्पेस असल्यामुळे त्याला धक्का लागत नाही. 'स्वत:' आणि 'विशेषत:' यांच्यापुढे स्पेस येते, म्हणून ते वेगळे नावानिशी बदलायचे. ज्यांना कोलननंतर स्पेस द्यायची सवयच नाही अशा लेखकांच्या मजकुरावर मात्र हे एकेक बघूनच करा.

आता एक गोष्ट, जी मला कुठं लिहिलेली आढळली नाही, पण कामात रोज जाणवते. माझ्या मशीनवरच्या आवृत्तीत साधा शोध, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन्सची टिक नसलेला, मराठी अक्षर मध्येच तोडत नाही. 'नांव' शोधलं तर 'नांव' सापडतं, पण 'नांवानें' सोडून पुढे जातो, कारण तिथं व ला काना आहे आणि रायटरच्या लेखी 'वा' हे एक अखंड अक्षर आहे. तीच टिक लावली की 'नांवानें', 'नांवाचा', 'नांवें' सगळे सापडतात. नुसतं अर्धं अक्षर किंवा हलन्त शोधायचं असलं तरी टिक लावावीच लागते. हे कळेपर्यंत माणूस हैराण होतो. कळल्यावर मात्र त्याचा फायदा घेता येतो: शेवटच्या अक्षराला काना-मात्रा लागलेली रूपं नको असतील तेव्हा टिक काढायची, तीही हवी असतील तेव्हा लावायची. 'होल वर्ड्स ओन्ली' ही चौकट इंग्रजीत जेवढ्या कामाची आहे तेवढी मराठीत नाही. आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे ती लावली की निम्मा मजकूर सुटतो.

आणि लावली नाही तर काय होतं तेही सांगते. अहवालांत पुष्कळदा संख्या आकड्यांत हव्या असतात. कुणी सांगतं, 'सात'च्या जागी ७ करा. रिप्लेस ऑल मारलं की 'सातबारा'चा '७बारा' होतो, 'सातपुते' आडनावाचे लोक '७पुते' होतात, 'दोन तासात'चं 'दोन ता७' आणि 'प्रवासात'चं 'प्रवा७'. संख्याशब्द सगळे असेच घातक आहेत. 'दहा', 'वीस', 'शंभर', कुठल्या शब्दाच्या पोटात कोण दडलंय याचा आधी अंदाज येत नाही. संख्या बदलताना होल वर्ड्स ओन्ली लावा, जे 'सातही' नि 'सातजण' सुटतील ते नंतर हातानं करा. एवढं करूनही चुकलंच तर कंट्रोल आणि झेड दाबा, पण लगेच. पुढची दहा कामं करून झाल्यावर नाही.

पीडीएफमधून कॉपी केलेल्या मजकुराचं दुखणं थोडक्यात. त्यात प्रत्येक ओळ हा वेगळा परिच्छेद होऊन बसतो. रायटरमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन चालू असताना नुसतं $ म्हणजे परिच्छेदाचा शेवट. ते शोधून त्याजागी स्पेस दिली की ओळी जोडल्या जातात, पण खरे परिच्छेदही जोडले जातात. म्हणून आधी \.$ शोधून .@@ करायचं, म्हणजे ज्या ओळी पूर्णविरामानं संपतात त्यांना खूण लागली. मग $ च्या जागी स्पेस. शेवटी @@ आणि त्यामागची स्पेस शोधून त्याजागी बॅकस्लॅश एन. मथळ्यांना पूर्णविराम नसतो, ते हातानं सोडवावे लागतात, आणि ओळ 'श्री.' किंवा 'डॉ.' वर तुटली असेल तर तिथं खोटा परिच्छेद तयार होतो. तरी शंभर पानांचं काम चहा थंड व्हायच्या आत होतं.

यातली एक गोष्ट मात्र रायटरनं विनाकारण अवघड करून ठेवली आहे. बॅकस्लॅश एन हे चिन्ह शोधायच्या चौकटीत एक अर्थ देतं आणि बदलायच्या चौकटीत दुसरा. वर ते शिफ्ट-एंटरनं दिलेली ओळतोड शोधतं, खाली तेच नवा परिच्छेद घालतं. वर्डमध्ये परिच्छेदाला आणि ओळतोडीला दोन वेगळी चिन्हं आहेत, तिथं हा घोळ नाही. दुसरी उणीव त्याहून मोठी आहे: शोध एका परिच्छेदापलीकडे जात नाही. 'या मथळ्यानंतर लगेच येणारा अमुक शब्द' असं शोधायचं म्हटलं तर मूळ खिडकीत सोय नाही. त्यासाठी 'ऑल्टरनेटिव्ह फाइंड अँड रिप्लेस' नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे रायटरला वरून जोडायची सोय, मिळतं. ते परिच्छेद ओलांडून शोधतं आणि बदलांची अख्खी यादी एका दमात चालवतं. मी ते घातलेलं आहे आणि समाधानी आहे.

फॉन्टवरून शोधणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. रायटर रोमन लिपीचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळा सांभाळतो. देवनागरी 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'मध्ये येते. ठळक किंवा अमुक फॉन्टचा मराठी मजकूर शोधायचा तर अट त्या भागात द्यायची, वरच्या पाश्चात्त्य भागात दिली तर हाती काही लागत नाही. सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स लिपीची भाषा मराठी करून ठेवा. 'डायक्रिटिक-सेन्सिटिव्ह'ची टिक मी मराठीचं काम करताना कायम ठेवते, काना-मात्रा-वेलांटीत सूट नको म्हणून.

जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये केलेल्या फाईल घेऊन येणाऱ्यांना मात्र मी आधीच सांगते की यातलं काहीही तिथं चालणार नाही. त्या फाईलमध्ये मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांच्या अंगावर मराठी आकृत्या चढवलेल्या असतात. शोध घेतला तर तो त्या इंग्रजी अक्षरांचा होतो. आधी कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणा, मग पुढचं बोलू.

आता गुरुजींच्या पुस्तकाकडे येते, कारण या खिडकीची सीमा कुठं आहे ते मला तिथं नीट दिसलं. पुस्तक १९६२ आधीचं. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे १४ नियम आले, १९७२ साली त्यांत आणखी ४ पडले, आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. गुरुजींचा आग्रह होता की आजच्या मुलांनी न अडखळता वाचावं, म्हणून लेखन आजच्या नियमांप्रमाणे करायचं. 'नाहीं'चं 'नाही', 'कांहीं'चं 'काही', 'कोठें'चं 'कोठे', हे झरझर झालं. 'पांच'चं 'पाच' करताना थांबावं लागलं, कारण 'पांचजन्य' आणि 'पांचाळ' यांचे अनुस्वार उच्चारातले आहेत, ते जायला नकोत. आणि 'पांचट'मधला अनुस्वार काढला तर उसाचं 'पाचट' होतं. तिथं एकेक बघत गेलो.

पण खरी कसोटी 'घरांत'ची. जुन्या लेखनात 'घरांत' म्हणजे एका घरातही आणि अनेक घरांतही. आज एकासाठी 'घरात' आणि अनेकांसाठी 'घरांत'. म्हणजे काही अनुस्वार काढायचे, काही ठेवायचे, आणि कुठला कुठला ते वाक्य वाचल्याशिवाय सांगता येत नाही. 'गांवांत', 'शेतांत', 'वाड्यांत', सगळ्यांचं तेच. इथं रिप्लेस ऑलला हात लावायचा नाही. गुरुजी शेजारच्या खुर्चीवर मूळ पुस्तक उघडून बसले, मी 'फाइंड नेक्स्ट' दाबत गेले. प्रत्येक जागी रायटर शब्द निळा करून थांबायचा आणि गुरुजी वाक्य मोठ्यानं वाचायचे. "हे आमचं वाड्यातलं घर, एकच आहे. अनुस्वार काढा, ताई." मी रिप्लेस दाबायचे. पुढच्या जागी ते थांबले, पान उलटून मागचं वाचलं आणि म्हणाले, "इथं पूर आलाय. कृष्णेचं पाणी घरांत शिरलं, म्हणजे घाटाकाठच्या सगळ्यांच्याच. हा राहू द्या." मी फाइंड नेक्स्ट दाबलं. गुरुजी शेजारी नसते, मी एकटी असते, तर त्या वाक्यात तो अनुस्वार टिकला नसता, आणि पुरानं एकाच घराचं नुकसान केलं असतं.

हे काम रायटरनं ज्या शिस्तीनं करू दिलं ते मला मनापासून आवडलं. खिडकी मजकुराच्या आड येत असेल तर बाजूला सरकवता येते, मध्येच मजकुरात क्लिक करून एखादी दुसरी चूक सुधारता येते आणि पुन्हा फाइंड नेक्स्ट दाबलं की शोध तिथून पुढे चालू होतो. नावांच्या बाबतीत 'सिमिलॅरिटी सर्च'चाही उपयोग झाला. 'यवतेश्वर' कुठं 'येवतेश्वर' झालं होतं, कुठं एक अक्षर गळालं होतं. ही टिक लावून बरोबर नाव शोधलं की एक-दोन अक्षरांनी हुकलेली रूपंही सापडतात. किती अक्षरांचा फरक चालेल ते ठरवता येतं. मी तो कमीत कमी ठेवते, नाहीतर भलतेच शब्द गोळा होतात.

एक मागणी आहे, आणि ती रायटर बनवणाऱ्यांपर्यंत जावी असं मला फार वाटतं. सारख्या दिसणाऱ्या मराठी अक्षरांना सारखं समजून शोधण्यासाठी एक चौकट असावी. पापणीच्या र ची दोन्ही रूपं, ॲ ची दोन्ही रूपं, ऑ ची दोन्ही रूपं, एवढं जरी झालं तरी 'सापडत नाही' म्हणून दुकानात येणारी निम्मी माणसं घरीच मोकळी होतील. लहान-मोठी लिपी सारखी समजण्याची सोय इंग्रजीला पहिल्यापासून आहे, मराठीला तिची गरज नाही. आपल्याला ज्याची गरज आहे ते मात्र अजून हातानं, क्रमांक लक्षात ठेवून करावं लागतं.

तोपर्यंत माझा उपाय असा: सगळ्या बिनधोक जोड्या, म्हणजे र, ॲ, ऑ, ओ आणि नेहमीचे विसर्गाचे शब्द, यांची यादी मी त्या एक्स्टेन्शनमध्ये बॅच म्हणून ठेवली आहे आणि नवी फाईल आली की तिची प्रत करून प्रतीवर ती चालवते. क्रम महत्त्वाचा, र चं काम सगळ्यात आधी. संख्याशब्द आणि 'घरांत'सारखे शब्द त्या यादीत कधीही घालू नका.